पुढल्या सालाची सावड

माणूस जिवंत आहे का, हे त्याच्याच घरी फोन करून विचारायचं कसं, हे कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. मला ते नोकरीत शिकावं लागलं, आणि तेही पन्नाशीला टेकल्यावर.

सुरुवातीला मी सरळ विचारायचे, "पेशंटची तब्येत कशी आहे?" एकदा कामशेतकडच्या एका बाईंनी मला शांतपणे ऐकवलं, "बरी असेल. महिना झाला त्यांना जाऊन, तिकडून अजून काही तक्रार आली नाही." मी फोन ठेवला आणि त्या दिवशी दुपारचा डबा तसाच घरी परत नेला. मग मी पद्धत बदलली. "भाऊंना फोन देता का?" एवढंच म्हणायचं. माणूस असला तर मागे हाक ऐकू येते, कुत्रं भुंकतं, "अवो, दवाखान्याचा फोन हाय" असं कुणीतरी ओरडतं. नसला तर पलीकडे सगळं एकदम गप्प होतं. तेव्हा आपण घाई करायची नाही, त्यांना बोलू द्यायचं. आंदर मावळात तर मी पेशंटचं नावही काढत नसे. "लावणी झाली का?" असं विचारलं की "म्हातारा चिखलनीला गेलाय" किंवा "औंदा आमी न्हाई लावली" यातलं एक काहीतरी उत्तर यायचं, आणि मला हवं ते कळायचं.

मी लॅब टेक्निशियन. तळेगाव आणि लोणावळा यांच्या मधल्या पट्ट्यातल्या एका कॅन्सर रुग्णालयात माझ्या नोकरीची शेवटची वर्षं गेली. डॉक्टर नाही, नर्सही नाही. पण अंगावर पांढरा कोट चढला की मावळात कुठलीही बाई सिस्टर होते. दुरुस्त करून करून दमले आणि सोडून दिलं. ओळख वाढली की त्याच बायका मला ताई म्हणायला लागत.

आमच्या रेडिएशन विभागाच्या मुख्य डॉक्टरांना सगळे नुसतं मॅडम म्हणत. रोजचे पेशंट बघून उरलेल्या वेळात त्यांनी एक जास्तीचं काम अंगावर घेतलं होतं. रेडिएशन घेणाऱ्यांचं रक्त उपचारांआधी, उपचार संपताना आणि नंतर दर काही महिन्यांनी तपासायचं, आणि ही माणसं पुढे किती जगतात ते बघत राहायचं. रक्त काढणं, तपासणं आणि हे फोन करणं, अशी तिन्ही कामं माझ्याकडे आली. रक्तात बघायचं काय, तर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, स्ट्रेसच मोजायचा तर आधी आमच्या बिलिंग काउंटरवरच्या पोरींचं रक्त काढावं.

बाहेरच्या माणसाला कळेल असं सांगते. आपण घेतो तो प्राणवायू शरीर वापरतं, तेव्हा काही अर्धवट, चवताळलेले कण तयार होतात. ते दिसेल त्याला धडकतात आणि पेशींची मोडतोड करतात. त्यांना आवरणारी व्यवस्थाही शरीरातच असते. पेशंटना मी सांगायचे, मोकाट गुरं आणि कोंडवाडा. गुरं थोडी आणि कोंडवाडा धड असला तर पीक वाचतं. गुरं वाढली आणि कोंडवाडा मोडला की शेतात धुडगूस. हा धुडगूस म्हणजेच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. यातली मेख अशी की रेडिएशन मुद्दामच ही गुरं गाठीत सोडतं, गाठीच्या पेशी मराव्यात म्हणून. शेजारच्या चांगल्या पेशींनाही त्यांचा त्रास होतोच. उपचार संपल्यावर गुरं आवरली गेली का, की धुडगूस चालूच राहिला, हे मॅडमना बघायचं होतं. ज्यांच्यात तो चालू राहतो ती माणसं कमी जगत असावीत, अशी त्यांना शंका होती. पक्कं त्या कधीच बोलायच्या नाहीत.

लॅबमध्ये मात्र हे सगळं एका रंगावर यायचं. रक्त काढलं की लगेच बर्फात, मग यंत्रात फिरवून वरचं पाणी वेगळं करायचं. रक्त काढताना घाई केली तर रक्तपेशी फुटतात आणि नमुना कचऱ्यात जातो. या एका गोष्टीवरून मी हाताखालच्या मुलींना रडवलेलं आहे आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. शेवटी नळीत एक रसायन घालून ती उकळत्या पाण्यात ठेवायची. नळी हळूहळू गुलाबी होते. आत मोडतोड जितकी जास्त, तितका गुलाबी रंग गडद. मशीन त्याचा आकडा देतं, पण मला तो नुसत्या डोळ्यांनीही कळायचा. तेव्हापासून गुलाबी साडी मी घेतलेली नाही.

आता गिऱ्हाइकं. तुंगार्लीत तळ्याच्या बाजूला बंगला असलेले एक निवृत्त इंजिनियर आमच्याकडे येत. ते सगळं इंटरनेटवर वाचून आले होते. गुरं वाढतात ना, मग कोंडवाडा वाढवा, असं त्यांचं सरळ गणित. रोज गव्हांकुराचा रस, आवळ्याचा अर्क, शिवाय नाना प्रकारच्या गोळ्या. पुढे पुढे तर ते मोठा थर्मास भरून रस आणायला लागले आणि वेटिंगमध्ये बसलेल्या सगळ्यांना आग्रहाने वाटायला लागले. वाटून झालं की माझ्या दारात येऊन विचारणार, "माझा आकडा उतरला का?" शेवटी मॅडमनी त्यांना केबिनमध्ये घेतलं. "काका, मी मोठ्या कष्टाने आत गुरं सोडतेय आणि तुम्ही त्यांना दारातच पकडताय. उपचार होईपर्यंत साधं जेवा. गोळ्या आणि अर्क बंद." अशा गोळ्यांनी गाठीलाही आधार मिळतो का, यावर डॉक्टरांत अजून एकमत नाही, पण मॅडमना तो धोका नको होता. काका महिनाभर रुसले, पण ऐकलं. ते अजून खणखणीत आहेत. दिवाळीला फोन करतात, फराळाची चौकशी करतात आणि मग आकडा विचारतात.

त्यांचा रस नाकारणारी वेटिंगमधली एकच बाई होती, हिराबाई. तिने कप नाकाशी नेला आणि परत दिला. "ह्ये आमच्याकडं म्हशीला घालत्यात," म्हणाली.

हिराबाई आंदर मावळातल्या अगदी वरच्या अंगाच्या गावची. साठीच्या आसपास, काटक, बोलायला कमी. जन्मभराच्या मिश्रीने गाल आतून खाल्ला होता. ऑपरेशन पुण्यात झालं आणि पुढचं रेडिएशन आमच्याकडे, आठवड्याचे पाच दिवस, सहा-सात आठवडे. तिचा मुलगा दत्तू आंबीला कारखान्यात होता. पहिल्या पाळीच्या आधी तो आईला मोटरसायकलवरून आमच्या दारात सोडायचा आणि पाळी सुटल्यावर न्यायला यायचा. म्हणजे काही मिनिटांच्या उपचारासाठी ही बाई दिवसभर आमच्या बाकावर. तिने बसायला जागा निवडली ती लॅबच्या दारासमोरची.

रेडिएशनला आमच्याकडे सगळे 'लाईट' म्हणतात. तोंडाच्या पेशंटचं डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा करतात आणि तो टेबलाला घट्ट अडकवतात. भले भले पुरुष त्यात घाबरून हात मारायला लागतात. हिराबाई पहिल्या दिवशी बाहेर आली ती गालावरचे जाळीचे वळ चाचपत. "बैलाला मुसकं घालत्यात तसंच हाय की," म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

एकदा मी नळ्यांचा स्टँड घेऊन चालले होते, तर तिने हटकलं. "ताई, यातली माजी कंची?"

मी दाखवली. पूर्ण रांगेत तिच्या नळीसारखा गडद रंग कुणाचा नव्हता.

"लुगड्याला बरा हाय," ती म्हणाली. मी पुढे गेले. रंगाचा अर्थ सांगायची मला परवानगी नव्हती, आणि असती तरी माझी जीभ रेटली नसती.

उपचार निम्म्याच्या पुढे गेले आणि हिराबाई यायची थांबली. पहिल्या दिवशी वाटलं, मोटरसायकल बंद पडली असेल. दुसऱ्या दिवशीही जागा रिकामी. रेडिएशनमध्ये असा खंड फार वाईट. ज्या पेशी अर्धमेल्या झालेल्या असतात त्यांना सवड मिळते, त्या पुन्हा उभ्या राहतात आणि आधी केलेलं सगळं पाण्यात जातं. मी दत्तूला फोन लावला. तो कारखान्यातून दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, आई ऐकतच न्हाई. मी लय सांगून बगितलं. तुमीच या एकदा."

मॅडम म्हणाल्या, "ती तुझ्याशी बोलते. गाडी घेऊन जा आणि तिला आण." माझं काम लॅबमधलं, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण मॅडम तोवर पुढच्या पेशंटकडे वळल्या होत्या.

घरी दत्तूची बायको होती, चार-पाच आठवड्यांची बाळंतीण. म्हणाली, "आत्या खाचरात हायत." मी विचारलं, कुठलं खाचर? घरामागची तर सगळी लावून हिरवी दिसत होती. तिने दूर हात केला, "भागूबाईच्या."

बांधावरून तोल सावरत गेले. आठ-दहा बायका पाठीवर प्लास्टिकची खोळ घेऊन ओळीने वाकलेल्या. त्यांत हिराबाई, पदराचं टोक गालावर दाबून एका हाताने रोपं लावत होती. लाईटने गालाची कातडी काळी पडून सोलवटलेली. तोंडात फोड, पेज सोडून काही गिळता येत नव्हतं, हे मला माहीत होतं. माझं डोकं फिरलं.

"मावशी, आधीच अंगात त्राण नाही आणि दुसऱ्याच्या चिखलात काय करताय? तिकडे मशीन तुमच्यासाठी मोकळं ठेवलंय."

तिने मान वर केली नाही. "सावड हाय," एवढंच म्हणाली. तोंडातल्या फोडांमुळे शब्द जड येत होते.

मी तळेगावात वाढलेली. सावड हा शब्द कानावरून गेलेला होता, पण त्याचा पीळ मला त्या बांधावर समजला. एकट्या घराला भाताची लावणी उरकत नाही, म्हणून सगळ्या मिळून आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. यात पैशाचा संबंध नाही. तुझ्याकडून जितकी माणसं माझ्या शेतात राबली, तितकी मी तुझ्या शेतात राबवायची. हिराबाईची खाचरं आजारी घर म्हणून सगळ्यांनी आधी लावून दिली होती. आता त्या प्रत्येकीच्या खाचरात तिचा दिवस लागत होता.

"मग एखादी मजूर लावा ना तुमच्या जागी," मी म्हटलं.

दोघी-तिघी हसल्या. ओळीच्या कडेची एक थोराड बाई उभी राहिली. हीच भागूबाई, त्या सावडीची म्होरकी. "मजूर लावला की ती मजुरी झाली, ताई. सावड न्हवं. मानसाला मानूसच लागतं. आन् हिची सून वली बाळंतीन, तिला कसं घालायचं चिखलात?"

"मग पुढच्या वर्षी फेडतील की."

मी हे अगदी सहज बोलून गेले. त्यावर कुणी हसलं नाही. हिराबाईने हातातली रोपांची मूठ तशीच धरली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"पुढल्या सालाला मी असंल का? सावड डोईवर घिऊन मी न्हाई जायची. मागं सुनंनं काय त्वांड दावायचं समद्यांस्नी?"

मला वाटत होतं, ही बाई अडाणीपणाने उपचार सोडून बसली आहे. तसं नव्हतं. तिने नीट विचार केला होता. आपण जगणार नाही असं ती धरून चालली होती, आणि उरलेल्या ताकदीत जे उरकायचं ते ती उरकत होती.

भागूबाईने चिखलाचे हात पाण्यात खळबळून धुतले आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "ताई, हिचं रगत तूच बगतीस न्हवं? मंग तूच सांग आमाला. हिरी पुढल्या सालाला हाय का न्हाई? हाय म्हनलीस तर हिची सावड पुढल्या सालाला, आमची कायबी तक्रार न्हाई. न्हाई म्हनलीस तर ऱ्हाऊ दे तिला हितंच. तिच्या मनासारखं फेडू दे."

ओळीतल्या सगळ्या बायका कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. खरं तर मॅडमनी एवढी वर्षं जे चालवलं होतं ते याच एका प्रश्नासाठी, आणि त्याचं उत्तर मॅडमकडेही नव्हतं. मला दिसत होती ती फक्त स्टँडमधली ती गडद नळी. मी आयुष्यात एकही रिपोर्ट दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय सही करून दिलेला नाही.

"लाईट पुरी केली तर आहेत," मी म्हटलं.

"जर-तर नको. सरळ बोल."

"आहेत," मी म्हटलं.

भागूबाई वळली आणि तिने हिराबाईच्या हातातली मूठ काढून घेतली. "आयकलंस? निघ आता. आमच्या खाचरात मधीच उबी ऱ्हाऊ नको, रोपं तुडवतीस."

हिराबाई बांधावर आली. चालता चालता मला हळूच म्हणाली, "आन् खोटं निघालं तर?"

"तर जाब विचारायला तुम्ही नसाल, मावशी."

ती हसायला गेली आणि गाल दुखला म्हणून मध्येच थांबली. तशाच चिखलाच्या पायांनी गाडीत बसली. गाडीत चिखल झाला म्हणून ड्रायव्हर परतीच्या वाटेवर माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

मॅडमनी खंड भरून काढायला वरचे दिवस वाढवून दिले. मी खाचरात काय बोलले ते त्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "आहेत, असं तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुन्हा लावला.

लाईट पुरी झाली. शेवटच्या दिवसाचं रक्त मी स्वतः काढलं. नळी पहिल्यापेक्षाही गडद निघाली. मी सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं, रसायन नवं फोडून केलं. रंग तोच.

त्या वर्षी मी आंदर मावळात गरजेपेक्षा जास्तच फोन केले असतील. दत्तूचा फोन लागला नाही की मला काही सुचायचं नाही. घरच्यांना मी सांगितलं होतं, कामाचाच भाग आहे. होताही, पण इतका नाही. हिराबाई ठरल्या दिवशी यायची, हात पुढे करायची, रक्त द्यायची. तोंडातली लाळ कायमची आटली होती, म्हणून कमरेला पाण्याची बाटली. बाकी काही नाही.

पुढच्या आषाढात मी रजा काढून तिच्या गावी गेले. ती भागूबाईच्या खाचरात होती, या वेळी दोन्ही हातांनी लावत. मला बघून तिने नुसती मान हलवली आणि काम थांबवलं नाही. दुपारी सगळ्या जेवायला बसल्या तेव्हा माझ्याशेजारी येऊन टेकली.

"फिटली," ती म्हणाली. मला इतकं हलकं वाटलं की मी तिच्या पुढ्यातला मऊ भात न विचारता खायला लागले.

मग तिने विचारलं, "आता खरं सांग. तवा रगत काय म्हनत व्हतं?"

आता मी लपवलं नाही. रंग गडद आहे, अजूनही उतरलेला नाही, ज्यांचा असा राहतो त्यांना धोका जास्त असावा असं मॅडमना वाटतं, सगळं सांगितलं.

"मंग तू हाय कशावरनं म्हनलीस?"

"तुम्ही गाडीत बसावं म्हणून."

तिने बाटलीतला एक घोट घेतला आणि झाकण लावलं. "ब्येस केलंस," म्हणाली. "पर आता माज्यावर कुनाची सावड नको. माजी लोकांवर ऱ्हाऊ दे."

आणि तिने ते खरं केलं. दुसऱ्या वर्षापासून आपली खाचरं मागे ठेवून ती आधी सगळ्यांकडे राबायला जायची. लावणी झाली की कापणीला, झोडणीला, कुणाच्या लग्नातल्या दळणकांडणाला. तिच्याकडे कुणी फेडायला आलं की "बगू म्होरं" म्हणून परत पाठवायची. भागूबाई एकदा तिच्याबरोबर दवाखान्यात आली होती, तर माझ्याकडे तक्रार केली. "ताई, हिला काय औषीद दिलंत? ही बया आमाला फेडूच देत न्हाई."

मॅडमच्या कॉम्प्युटरवर या सगळ्या माणसांपैकी किती जण अजून आहेत हे दाखवणारी एक रेघ होती. कुणी गेलं की ती एक पायरी खाली उतरायची. माझ्या फोनांवरून ती रेघ उतरत होती, हे मला कधी आवडलं नाही. बरे झालेले पेशंट बहुतेक फिरकत नाहीत. बरा झालेला माणूस दवाखान्याचं तोंड कशाला बघेल? त्यामुळे माझ्या वाट्याला यायच्या त्या जास्त करून वाईट बातम्या. एक रुखरुख मात्र राहून गेली आहे. किती दिवस जगले, हे मी सगळ्यांच्या घरी विचारलं. दिवस कसे घालवले, हे फार थोड्यांना विचारलं, कारण ते लिहायला रकाना नव्हता.

हिराबाईच्या नळीचा रंग कधीच उतरला नाही, आणि हिराबाई येत राहिली. मी मॅडमना एकदा विचारलं, हे कसं? त्या म्हणाल्या, "सरासरी म्हणजे सरासरी. ती काय प्रत्येकाच्या घरी जाऊन बसते?" पुढे मी निवृत्त झाले. जाताना माझ्या जागी आलेल्या मुलीला सुईबद्दल एक लांबलचक भाषण दिलं आणि हिराबाईचा नंबर घरी घेऊन आले.

गेल्या हिवाळ्यात दत्तूचा फोन आला. आई गेली. गाठ परत आली नव्हती. साधा खोकला झाला, तो छातीत उतरला आणि दोन-चार दिवसांत आटोपलं. मी स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून उभी राहिले आणि रडले. पेशंटसाठी एवढं रडायचं नसतं, हे मी इतकी वर्षं मुलींना शिकवत आले होते. मग मॅडमना कळवलं. त्यांनी नोंद केली असणार आणि रेघ एक पायरी खाली आली असणार. माणूस गाठीने गेला की खोकल्याने, हे ती रेघ विचारत नाही.

यंदा आषाढात मला राहवलं नाही. गाडी करून वर गेले. वाटेत मनाशी म्हणत होते, खाचरं पडीक असतील. सून आता तळेगावला कामाला जाते, दत्तूच्या पाळ्या चालू, लावणार कोण? जाऊन बघते तर घरामागच्या खाचरात बायकांची ही लांब ओळ. मी हिराबाईच्या घरी एवढ्या बायका कधीच बघितल्या नव्हत्या. भागूबाईला आता वाकवत नाही. ती बांधावर गोणपाट टाकून बसली होती आणि तिथूनच सगळ्यांना दामटत होती.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. "दत्तूने मजूर लावले वाटतं?"

"मजूर कशाचं?" ती म्हणाली. "हिरीची सावड हाय ही. समद्यांच्या डोईवर ठिवून गेली न्हवं का."

मी ओळीतल्या बायका मोजल्या आणि विचारलं, "मग आज फिटेल का सगळी?"

भागूबाईने खाचराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली आणि मान हलवली.

"एवढ्यानं कुटं? हिरी पुढल्या सालाला बी हाय."